आधी मोरी दाखवा



दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. नववीच्या वर्गात फळ्यावर लिहायला हात वर केला आणि तो खांद्याच्या वर जाईचना. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारी मी. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात उर्दूत तारीख, डाव्या कोपऱ्यात मराठीत सुविचार, अशी माझी वीस वर्षांची सवय. त्या दिवशी दोन्ही कोपरे रिकामे राहिले. मॉनिटर मुलीला म्हटलं, "बेटा, तू लिही." तिने लिहिलं. वर्गाला काही कळलं नाही, पण मला कळलं.

डॉक्टरांनी खांदा तपासला आणि रक्तही तपासायला सांगितलं. खांदा आखडला होता. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा आला ६.२. डॉक्टर म्हणाले, "५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. तुम्ही उंबरठ्यावर उभ्या आहात. साखर वाढलेल्यांचा खांदा आखडण्याचं प्रमाणही जास्त असतं." माझ्या अम्मीची शेवटची सहा वर्षं इन्सुलिनच्या सुईवर गेली. त्यामुळे उंबरठ्यापलीकडचं घर मी पाहिलेलं आहे.

मी म्हटलं, "रोज रंकाळ्यावर फिरायला जाते की!" ते म्हणाले, "छान आहे, सोडू नका. पण स्नायूंनाही काम द्या. रक्तातली साखर सगळ्यात जास्त स्नायू वापरतात आणि चाळिशीनंतर ते हळूहळू कमी होत जातात. आधी फिजिओथेरपीने खांदा मोकळा करा, मग वजनाचे व्यायाम सुरू करा." जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये हेच सांगितलं आहे. मोठ्या माणसांनी आठवड्यात किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालावं, शिवाय निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. आपण पहिला अर्धा भाग ऐकतो आणि दुसरा सोडून देतो.

फिजिओथेरपीने खांदा थोडा सैल झाला आणि जिम शोधायची वेळ आली. इथे मला माझा जुना गुन्हा कबूल केला पाहिजे.

अकरा दिवसांचे ९,९०० रुपये

सहा वर्षांपूर्वी मी एका जिममध्ये वर्षाची फी एकदम भरली होती, ९,९०० रुपये. गेले किती दिवस? अकरा. म्हणजे दिवसाला ९०० रुपये. तेवढ्यात घरी बिर्याणीची पातेली उतरली असती. का सोडलं? बायकांची वेळ चार ते पाच होती आणि माझी शाळा सुटते पाचला. पहिले काही दिवस अर्ध्या रजा टाकून गेले. बाथरूमच्या दाराला कडी नव्हती, बाहेर कुणाला तरी उभं करून कपडे बदलावे लागत. बाराव्या दिवशी गेलेच नाही. पैसे परत मागितले तर पावतीच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं दाखवली.

चूक निम्मी त्यांची, निम्मी माझी. फी भरण्याआधी मी काय पाहिलं होतं? आरसे, दिवे आणि नवीन यंत्रं. जिथे कपडे बदलायचे ती जागा पाहिलीच नव्हती.

आपल्याकडे मुलगी द्यायची असली की जुन्या बायका सांगायच्या, दिवाणखाना बघून भुलू नका, पाणी प्यायच्या निमित्ताने आत जा आणि मोरी बघून या. घर कसं चालतं ते मोरीत कळतं. या वेळी मी तोच नियम लावायचं ठरवलं. बहुतेक जिममध्ये एक ते तीन दिवस फुकट किंवा थोड्या पैशांत येऊन बघता येतं. फोन करून एवढंच विचारायचं, "एक दिवस पाहुणी म्हणून येऊ का?" मी चार ठिकाणी विचारलं, चारही ठिकाणी हो म्हणाले.

शिक्षिका असल्यामुळे वही घेतली आणि पाच रकाने आखले. स्वच्छता, शिकवणारी व्यक्ती, वेळ, परदा आणि पावती. प्रत्येकाला दहा गुण, एकूण पन्नास. यंत्रांना गुण ठेवलेच नाहीत. माझ्या खांद्याला दोन किलोचा डंबेल पुरणार होता आणि तो सगळीकडे असतोच.

एक पथ्य मात्र पाळलं. त्यांनी "दुपारी निवांत या" म्हटलं तरी मी शाळा सुटल्यावर, साडेपाचलाच गेले. पाहुण्याला बोलावून दाखवलेली वेळ आणि आपली खरी वेळ यांत फरक असतो. गर्दी किती, पंखा चालतो का, ट्रेनर कुणाकडे बघतो, हे आपल्याच वेळेला कळतं.

काचेच्या इमारतीत

पहिलं ठिकाण मोठं, वातानुकूलित. दारातच एका मुलीने हसून स्वागत केलं, पाण्याची बाटली दिली. मी म्हटलं, "आधी वॉशरूम दाखवता?" ती जरा चमकली, पण दाखवलं. खरं सांगते, आमच्या शाळेच्या स्टाफरूमपेक्षा स्वच्छ. कोरडी फरशी, आतून कडी, कपडे टांगायला खुंट्या, कुलूप लावता येईल असं कपाट. स्वच्छतेला दहापैकी दहा.

मग त्यांनी मला एका यंत्रावर उभं केलं, हातात दोन दांडे दिले आणि कागद छापून काढला. त्यावर लिहिलं होतं, तुमच्या शरीराचं वय ५८. मी ४६ वर्षांची. क्षणभर पोटात गोळा आला. लगेच पुढचं वाक्य आलं, "मॅडम, पर्सनल ट्रेनिंगचं पॅकेज घ्या, तीन महिन्यांत वय खाली आणू." घरी येऊन डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं, की ते यंत्र शरीरातून अगदी सौम्य वीज सोडून अंदाज बांधतं. पाणी किती प्यायलो, कधी जेवलो, यावरही आकडा हलतो. तेव्हा बहिणींनो, त्या कागदाला घाबरून पैसे भरू नका. स्वतःचीच महिन्या-महिन्याची तुलना करायला तो बरा, निदान म्हणून नाही.

ट्रेनर मुलगा मन लावून शिकवत होता. ट्रेडमिलवर चढवण्याआधी त्याने लाल दोरीची चाप माझ्या कुर्त्याला अडकवली आणि सांगितलं, "पाय घसरला तर ही ओढली जाते, पट्टा थांबतो." ही चाप कुणी लावत नसेल तर तुम्ही मागून घ्या. त्याने माझी ओढणीही काढून बांधायला लावली आणि ते बरोबर होतं. लोंबती ओढणी किंवा पायघोळ बुरखा चालत्या पट्ट्यात अडकू शकतो. घट्ट बांधलेला स्कार्फ, गुडघ्यापर्यंतचा कुर्ता आणि सरळ पँट, एवढं पुरतं. पण त्याने माझी साखर, रक्तदाब, जुनी दुखणी यांतलं काहीच विचारलं नाही. खांद्याचं मी आपणहून सांगितलं तेव्हा म्हणाला, "होईल नीट."

हॉल सगळ्यांचा एकच, बायका-पुरुष एकत्र. ज्यांना हे चालतं त्यांच्याविषयी मला काही म्हणायचं नाही. ज्याने-त्याने आपल्या घरात आणि आपल्या आलिमांना विचारून ठरवावं. माझ्यापुरतं सांगायचं तर समोरच्या आरशात आठ माणसं दिसत असताना मी बैठक नीट मारू शकले नाही. निघताना "आज भरलंत तर निम्म्यात" हे वाक्य तीनदा ऐकलं. मी सही न करता बाहेर पडले. चांगली जागा उद्याही चांगलीच असते. एकूण गुण तीस.

निळ्या पाण्याचा वास

दुसरं ठिकाण सार्वजनिक पोहण्याचा तलाव. वीरधवल खाडे २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला पोहला तेव्हापासून आमच्या कोल्हापुरात पोहण्याचं वेड वाढलं, पण बायकांच्या वाट्याला ते थोडंच आलं. खांद्याला पाणी चांगलं असं फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं, म्हणून गेले.

तिथे मी दोन गोष्टी शिकले. पहिली, तलावाकाठी उभं राहून सगळ्यात खोल भागाचा तळ बघायचा. फरशीच्या रेघा आणि पाणी जाण्याची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर पाण्यात उतरू नका, कारण बुडालेलं माणूसही वरून दिसणार नाही. दुसरी, नाकात झोंबणारा क्लोरीनचा वास म्हणजे पाणी स्वच्छ असा माझा समज होता. तो उलटा निघाला. क्लोरीनचा घाम आणि लघवीशी संयोग झाला की तो उग्र वास सुटतो. व्यवस्थित राखलेल्या तलावाला फार वास येत नाही. पाण्यातल्या क्लोरीनची नोंदवही असते, ती मागितली तर दाखवतात. मला दाखवली आणि त्यात त्या दिवसाची नोंद होती.

कपड्यांचा प्रश्न सोपा निघाला. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोहण्याचा पोशाख त्यांना चालतो, मात्र तो सिंथेटिक हवा. सुती कापड पाणी पिऊन जड होतं आणि त्याचे धागे गाळणीत अडकतात. यात भेदभाव नाही, हे समजून घ्या. बायकांच्या तासाला शिकवायला बाई होत्या, पण जीवरक्षक पुरुष होता. त्याला हटवा म्हणणं मला पटत नाही, कारण जीव वाचवणारा डोळा आधी हवा. अशा कामाला बाई नेमा, असा अर्ज मात्र आम्ही पाच जणींनी दिला आहे.

फी अगदी माफक, पावती तिथल्या तिथे, अटी फलकावर लिहिलेल्या. पावतीला दहापैकी दहा. अडचण वेळेची. बायकांचा तास सकाळी अकराला. अकराला मोकळी असणारी बाई कोण? जी कामावर जात नाही आणि जिची मुलं शाळेत आहेत, तीच. वेळेला तीन गुण दिले, एकूण बत्तीस झाले. सुट्टीत धाकटीला घेऊन जाणार आहे, इन्शाअल्लाह.

दुसऱ्या मजल्यावरचा कॅमेरा

तिसरं ठिकाण आमच्याच भागातलं. किराणा दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर, फक्त बायकांसाठी. जिना अरुंद, यंत्रं जुनी, एका सायकलचं पायडल चिकटपट्टीने बांधलेलं. बाथरूम लहान पण धुतलेलं, कडी शाबूत. प्रथमोपचाराची पेटी मी उघडून पाहिली. पट्टी, कापूस, जंतुनाशक होतं आणि एका डब्यात ग्लुकोजही.

तिथल्या ट्रेनर बाईंनी मला खुर्चीत बसवलं आणि पहिला प्रश्न केला, "रिपोर्ट आणलेत का?" दुसरा, "दुपारी काय खाल्लं?" साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बायका उपाशीपोटी आल्या तर चक्कर येते, म्हणून त्या हे रोज विचारतात. त्यांनी माझा हात कुठपर्यंत जातो ते भिंतीवर खडूने खूण करून ठेवलं आणि म्हणाल्या, "महिन्याने ह्या रेघेच्या वर किती गेलात ते बघू." मी वीस वर्षं मुलांना शिकवते आहे. शिकवणारी बाई मला ओळखू येते. पहिल्या दिवशी त्यांनी वजन दिलंच नाही. खुर्चीतून उठा-बसा, भिंतीवर हात टेकून जोर आणि रबरी पट्टा एवढंच दिलं.

वेळ पाच ते नऊ. कोपऱ्यात जाजम होतं, मगरिबची नमाज तिथे पढता येत होती. रमजानात महिनाभर फी गोठवता येते, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. मी मनात पैसे मोजू लागले आणि तेवढ्यात छताकडे लक्ष गेलं. कोपऱ्यात कॅमेरा होता आणि त्याचं तोंड थेट व्यायामाच्या सतरंज्यांकडे.

मी विचारलं, "याचा पडदा कुठे आहे?" खाली काउंटरवर, असं कळलं. जाऊन पाहिलं तर काउंटरवर मालकांचा भाऊ बसलेला, पडद्यावर वरचा सगळा हॉल. दुकानातून फी विचारायला येणारा कुणीही तो बघू शकत होता. ज्या परद्यासाठी बायका दोन मजले चढून जात होत्या, तो खाली काउंटरवर उघडा पडला होता. परद्याला चार गुण लिहिले आणि घरी आले.

घरी हे बोलले तेव्हा धाकटी गप्प झाली. मग म्हणाली, "अम्मी, माझ्या वर्गातल्या दोघी तिथे जायच्या. कॅमेऱ्यामुळंच सोडलं त्यांनी. घरी सांगितलं असतं तर घरच्यांनी बाहेर जाणंच बंद केलं असतं, म्हणून कंटाळा आला असं सांगितलं."

मला रात्रभर हेच डाचत राहिलं. मुलींनी तक्रार केली नाही, कारण तक्रारीची किंमत त्यांनाच मोजावी लागली असती. आपण मोठ्या बायका गप्प राहतो, मुली कंटाळ्याचं निमित्त करतात आणि कॅमेरा तिथेच राहतो.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. या वेळी पाहुणी म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून. मालकांना म्हटलं, "भाऊ, चोरीची भीती मला कळते. कॅमेरा जिन्यात लावा, दारावर लावा, पैशाच्या गल्ल्यावर लावा. पण जिथे आमच्या मुली वाकतात, झोपून व्यायाम करतात, तिथे नको." ते म्हणाले, "आजपर्यंत कुणी बोललं नाही, आपा." मी म्हटलं, "बोलल्या नाहीत, सोडून गेल्या." ट्रेनर बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, "गेल्या वर्षभरात सतरा जणी गेल्या, मालक."

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी हिशेब केला असेल किंवा लाजले असतील, अल्लाह जाणे. चार दिवसांनी ट्रेनर बाईंचा फोन आला. कॅमेरा जिन्याच्या तोंडाशी गेला होता. मी जाऊन खात्री केली, काउंटरवरच्या पडद्यावर फक्त पायऱ्या दिसत होत्या. वहीत पस्तीसचे चाळीस केले.

मुलासाठी तालीम

चौथी भेट माझी नव्हती. थोरला सतरा वर्षांचा आहे आणि मित्रांच्या नादाने जिमचा हट्ट धरून बसला होता. त्याला घेऊन हे एका जिममध्ये पुरुषांच्या वेळेला गेले. परत आले ते चेहरा उतरवून. कपडे बदलायच्या खोलीत एका पोराने आमच्या मुलाला हळूच विचारलं होतं, "पावडर घेतोस की डायरेक्ट इंजेक्शन?"

मुलग्यांच्या आई-वडिलांनी हे नीट वाचावं. ज्या इंजेक्शनची अशी कुजबुज चालते ते अनेकदा मेफेंटरमिन असतं. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब फार खाली गेला तर तो वर आणण्यासाठी डॉक्टर ते वापरतात. धडधाकट मुलाने दम वाढावा म्हणून टोचलं तर त्याच्या हृदयाशी खेळ होतो. चिठ्ठीशिवाय ते विकणं गुन्हा आहे आणि आपल्या राज्यात पोलिसांनी त्याचे साठे पकडलेले आहेत. पावडरीचं म्हणाल तर डब्यावर अन्नसुरक्षा खात्याचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो, तो बघा. सुट्या पुडीतली किंवा फोडलेल्या डब्यातली पावडर घेऊच नका. आणि आधी हे विचारा, की घरात अंडी, डाळ, दूध, मासे असताना तिची गरज आहे का.

माझे अब्बा लहानपणी तालमीत जायचे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, पंजाबातले पैलवान इथे आले, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९५२ मध्ये हेलसिंकीत मिळवून देणारे खाशाबा जाधव शिकायला याच गावात होते. इथल्या कित्येक तालमींत मोहर्रमला पंजे बसतात आणि गणेशोत्सवात गणपतीही. अब्बा म्हणायचे, हौदात उतरल्यावर सगळ्यांच्या अंगाला एकच माती.

म्हणून यांनी मुलाला अब्बांच्या जुन्या तालमीत नेलं. मी बाहेर ओट्यावर बसले. आत तांबडी माती, तिच्यात हळद, तेल आणि ताक घातल्याचा वास बाहेरपर्यंत येत होता. भिंतीला मुद्गल टेकवून ठेवलेले. बाजूच्या खोलीत आता वजनं आणि मॅटही आहे. वस्तादांनी मुलाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "रात्री झोपतोस किती वाजता?" तो म्हणाला, "एक." वस्ताद म्हणाले, "मग आधी झोप. दहाला झोपून पाचला येता आलं तर ये. सहा महिने नुसते जोर-बैठका. मोबाइल दारात ठेवायचा. विकायला माझ्याकडं काय नाही." फी विचारली तर म्हणाले, "वर्गणी काय देशील ती दे बापाकडनं."

मुलाचं तोंड वाकडं झालं होतं, पण दीड महिना झाला, जातो आहे. दहाला झोपतो हेच मला नफ्यात मिळालं.

पैसे भरण्याआधी

तुम्हीही पाहुण्या म्हणून जाल तेव्हा एवढं विचारा. तुमच्या खऱ्या वेळेला जा आणि आधी बाथरूम बघा. कॅमेरे कुठे आहेत आणि त्यांचा पडदा कोण बघतं, ते स्वतः जाऊन पाहा. शिकवणाऱ्याला विचारा, "कुठे शिकलात?" त्याने तुमच्या दुखण्यांविषयी विचारलं नाही तर सावध राहा. फोटो-व्हिडिओ काढून जाहिरातीत टाकतात का, हे विचारा आणि नको असेल तर लेखी कळवा.

पैशाच्या बाबतीत पहिल्या वर्षी वर्षाची फी भरू नका. महिन्याची महाग पडते असं वाटतं, पण माझे ९,९०० रुपये आठवा. पावती घ्याच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, पावतीवर अजून १८ टक्के असतील तर विचारा. "कोणत्याही परिस्थितीत पैसे परत नाहीत" असं छापलं म्हणजे तो कायदा झाला असं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी अटींविरुद्ध दाद मागता येते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लिहून ठेवा. सहा वर्षांपूर्वी मी तक्रारच केली नाही, याची आज खंत आहे.

ज्यांच्या गावात यातलं काहीच नाही त्यांनी निराश होऊ नये. खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीवरचे जोर आणि एक-एक लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या, एवढ्यावर माझा पहिला आठवडा गेला. हे घरातही होतं. मात्र सात-आठ जणी एकत्र जमल्या तर टिकतं, एकटीचं सुटतं.

आता माझ्याकडे वळते. मी दुसऱ्या मजल्यावरच्या जिममध्ये नाव घातलं आहे. महिन्याला ८०० रुपये, सोमवार, बुधवार, शनिवार. दोन महिने झाले. दोन किलोचा डंबेल आता उचलते. धाकटीच्या वर्गातल्या त्या दोघींपैकी एक परत आली आहे, दुसरीला अजून घरून परवानगी नाही. तिच्या आईला भेटायला या रविवारी जाणार आहे. साखरेची तपासणी पुढच्या महिन्यात आहे, आकडा काय येतो ते कळवीन.

भिंतीवरच्या खडूच्या रेघेच्या वर माझा हात चार बोटं गेला आहे. फळ्यावर सुविचाराची ओळ मी परत लिहू लागले. तारीख अजून मॉनिटरच लिहिते, ती ओळ जरा वर आहे.

तुमच्या गावातल्या जिमची, तालमीची, तलावाची मोरी कशी आहे, बायकांची वेळ कोणती आहे, ते मला पत्राने कळवा. दुआंमध्ये याद ठेवा.